मंजुरी आधी, मसलत मागाहून

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहराजवळून निघून, रॉकी पर्वताच्या रांगा ओलांडून, ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दऱ्याखोऱ्यांतून सुमारे साडेअकराशे किलोमीटरांचे अंतर कापीत व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबी येथे बरार्ड खाडीच्या काठी समुद्राला भिडणारी ‘ट्रान्स माउंटन’ ही तेलवाहिनी १९५३ साली प्रथम वाहू लागली, तेव्हा ज्यांच्या भूमीतून ती गेली त्या मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांना त्या देशाच्या मध्यवर्ती संसदेसाठी मत देण्याचा अधिकारदेखील नव्हता. आपला कायदेशीर दर्जा न गमावता मत देण्याची मुभा त्यांना मिळाली ती १९६० साली. त्याही आधी, १९२७ पासून १९५१ पर्यंत, जमिनीवरील आपल्या हक्काचा दावा चालविण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे हाच त्यांच्या बाबतीत गुन्हा ठरविण्यात आला होता. ज्याला फिर्याद मांडण्याची सोय नाही अशा माणसाच्या दारातून नळ नेणे राज्यकर्त्यांना अवघड जाण्याचे कारणच नव्हते.

त्याच वाहिनीला समांतर अशी दुसरी वाहिनी टाकून दिवसाला तीन लाख पिंपांची तिची क्षमता आठ लाख नव्वद हजार पिंपांपर्यंत वाढविण्याचे काम अकरा वर्षांच्या वादंगानंतर पुरे झाले आणि १ मे २०२४ पासून वाढीव वाहिनीचा व्यापारी वापर सुरू झाला. मधल्या सत्तर वर्षांत त्या देशाचा कायदा पुष्कळ बदलला, न्यायालयांची भाषा बदलली, आणि मूळ रहिवाशांशी असलेल्या नात्याइतके महत्त्वाचे दुसरे नाते आपल्या सरकारला नाही, असे तेथील पंतप्रधान जाहीरपणे सांगू लागले. तथापि या प्रकरणाचे दप्तर जो कोणी सुरुवातीपासून चाळील त्याला दिसेल की, निर्णय आधी करावयाचा आणि ज्यांच्यावर तो लादावयाचा त्यांची कैफियत मागाहून घ्यावयाची, ही कारभाराची जुनी रीत मात्र मुळातून गेलेली नाही. किंबहुना सरकारने स्वतःच ती वाहिनी विकत घेतल्यामुळे या रीतीला एक नवे आणि अधिक बलवान कारण मिळाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वादाचा कायदेशीर पाया समजून घेतल्यावाचून त्याचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. कॅनडाच्या पूर्वेकडील व मधल्या प्रदेशांत इंग्रज राजसत्तेने मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांशी तहनामे केले होते. ते पाळले किती आणि मोडले किती हा प्रश्न वेगळा. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भूमीबद्दल मात्र असा एकही तहनामा झाला नाही. म्हणजे ती भूमी युद्धात जिंकली गेली नाही, विकत घेतली गेली नाही, तहाने सोडलीही गेली नाही. तिच्यावर केवळ वहिवाट सुरू झाली. १९८२ च्या राज्यघटनेतील पस्तिसाव्या कलमाने मूळ रहिवाशांच्या विद्यमान हक्कांना मान्यता दिली. १९९७ च्या डेलगामूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या इतिहासाला पुराव्याचा दर्जा दिला. २००४ साली हैडा राष्ट्राच्या खटल्यात असे ठरले की, हक्क अद्याप न्यायालयात सिद्ध व्हावयाचा असला तरी त्यावर आघात करू शकणारे कृत्य करण्यापूर्वी संबंधितांशी मसलत करणे, आणि गरज पडेल तेथे त्यांच्या म्हणण्यानुसार आपली योजना बदलणे, हे राजसत्तेचे कर्तव्य आहे. हक्काचा दावा जितका सबळ व होणारे नुकसान जितके मोठे, तितके हे कर्तव्य अधिक खोल. २०१४ च्या चिल्कोटिन निवाड्याने तर एका राष्ट्राची सतराशेहून अधिक चौरस किलोमीटर भूमीवरील मालकीच मान्य केली.

ही वाहिनी हवी म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मला वाटत नाही. अथाबास्का नदीच्या खोऱ्यातील तेलवाळूतून निघणारा जाड, डांबरासारखा पदार्थ हे आल्बर्टाचे मुख्य धन आहे. त्याला समुद्राकडे जाणारी वाट अपुरी असल्यामुळे तो जवळजवळ सर्वच्या सर्व अमेरिकेला, आणि तोही पडत्या भावाने, विकावा लागे. एकाच गिऱ्हाइकाच्या दारी आपला माल घेऊन उभे राहण्यात केवढा धोका असतो, हे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ साली आयातकर लादल्यावर त्या देशाला नव्याने कळले. नवी वाहिनी सुरू झाल्यावर भावातील तफावत कमी झाली आणि आशियातील, विशेषतः चीनमधील, खरेदीदार बरार्ड खाडीत येऊ लागले. या लाभाची किंमत कोणी मोजावयाची आणि ती ठरविताना त्याला विचारावयाचे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ज्या स्लेल-वाटूथ राष्ट्राने या प्रकल्पाविरुद्ध सर्वांत दीर्घ लढा दिला, त्या राष्ट्राचे लोक स्वतःला त्या खाडीचेच लोक म्हणवितात. ओहोटी लागली की ताट वाढलेले असते, अशी त्या किनाऱ्यावरील वडीलधाऱ्यांची म्हण आहे. परंतु १९७२ पासून प्रदूषणामुळे त्या खाडीतील शिंपले गोळा करून खाण्यास बंदी आहे, आणि बंदर, गिरण्या व तेलाच्या धक्क्यांनी वेढलेल्या त्या पाण्याला पुन्हा जिवंत करण्याची खटपट हे राष्ट्र वर्षानुवर्षे करीत आले आहे. महिन्याकाठी सुमारे पाच तेलवाहू जहाजे जेथे येत तेथे चौतीस येणार, हे कळल्यावर त्यांच्या मनात कोणते भय उभे राहिले असेल याची कल्पना कोकण किनाऱ्यावरील कोणत्याही कोळ्याला करता येईल. आणि ते भय काल्पनिक नव्हते. जुलै २००७ मध्ये बर्नबी येथेच पावसाळी गटाराच्या कामावरील खोदयंत्राचा घाव लागून ही जुनी वाहिनी फुटली, तेलाचा फवारा घरांवर उडाला आणि ते वाहत जाऊन खाडीत पोहोचले. २०१० साली मिशिगनमध्ये दुसऱ्या एका कंपनीची वाहिनी फुटून कालामझू नदीत वीस हजारांहून अधिक पिंपे तेल गेले. पातळ करून वाहून नेलेला हा डांबरी पदार्थ पाण्यावर तरंगत न राहता बराचसा तळाशी बसला, आणि नदी स्वच्छ करण्यास काही वर्षे व एक अब्ज डॉलरांहून अधिक पैसा लागला.

या राष्ट्राने केवळ निषेधाचे फलक धरले नाहीत. त्याने तज्ज्ञांकडून तेल सांडण्याच्या शक्यतांची गणिते करवून घेतली, त्यांना आपल्या पूर्वजांच्या विधिनियमांची जोड दिली, आणि २०१५ साली या प्रकल्पाचे स्वतःचे स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध करून, आपल्या भूमीत त्यास संमती नाही, असा विधियुक्त निर्णय दिला. एका लहानशा समाजाने एका बलाढ्य राज्ययंत्रणेसमोर इतक्या शिस्तीने, इतक्या सप्रमाण रीतीने मांडलेला नकार मी तरी क्वचितच पाहिला आहे. या दस्तऐवजाला उत्तर देणे ही मसलतीची सुरुवात व्हावयास हवी होती.

प्रत्यक्षात काय घडले? सत्तेवर येण्यापूर्वी जस्टिन ट्रूडो असे सांगत की परवाने सरकार देते, परवानगी मात्र लोकसमुदायच देऊ शकतात. राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने मे २०१६ मध्ये १५७ अटी घालून प्रकल्पाची शिफारस केली, आणि २९ नोव्हेंबर २०१६ रोजी ट्रूडो यांच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारचा विरोध, बर्नबीच्या डोंगरावर मूळ रहिवाशांनी मार्च २०१८ मध्ये उभारलेले पहाऱ्याचे घर आणि कोर्टकज्जे यांना कंटाळून मालक कंपनी किंडर मॉर्गन हिने एप्रिलमध्ये खर्च थांबविला. तेव्हा २९ मे २०१८ रोजी सरकारने साडेचार अब्ज डॉलरांना ती वाहिनी, विस्ताराच्या योजनेसह, स्वतःच विकत घेण्याचे जाहीर केले.

त्यानंतर ३० ऑगस्ट २०१८ चा दिवस उगवला. त्या दिवशी एकीकडे कंपनीच्या भागधारकांनी विक्रीस संमती दिली आणि दुसरीकडे संघराज्याच्या अपील न्यायालयाने स्लेल-वाटूथ खटल्यात मंत्रिमंडळाची मंजुरीच रद्द ठरविली. न्यायमूर्ती एलेनॉर डॉसन यांनी लिहिलेला तो निवाडा कारभारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगा आहे. न्यायालयाला दोन दोष आढळले. एक असा की, ऊर्जा मंडळाने तेलवाहू जहाजांची वाढीव वाहतूक प्रकल्पाच्या व्याख्येतूनच वगळली. त्यामुळे सेलिश समुद्रातील शंभराहूनही कमी उरलेल्या दक्षिणी ऑर्का देवमाशांवर गंभीर परिणाम होतील असे स्वतःच नमूद करूनही त्या परिणामांचा भार मंडळाने निर्णयाच्या तराजूत घातला नाही. याच समुद्रात, निवाड्याच्या काही आठवडे आधी, एका ऑर्का मातेने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस पाण्यावर उचलून धरले होते आणि साऱ्या जगाने ते पाहिले होते.

दुसरा दोष आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मसलतीच्या अखेरच्या टप्प्यात सरकारने जे अधिकारी पाठविले त्यांना ऐकणे, टिपून घेणे आणि टिपलेले वर धाडणे यापलीकडे कसलाही अधिकार नव्हता. ऊर्जा मंडळाच्या निष्कर्षांपासून यत्किंचितही ढळण्याची त्यांची तयारी नव्हती. आणि मंडळाने घातलेल्या अटींत मंत्रिमंडळाला भर घालता येत नाही अशी त्यांची, न्यायालयाच्या मते चुकीची, समजूत होती. कोल्डवॉटर येथील लोक विचारीत होते की, आमच्या पिण्याच्या पाण्याचा जो भूगर्भातील साठा आहे त्याच्यावरून वाहिनी नेण्याऐवजी तिचा मार्ग बदलता येईल काय. या साध्या व जिवाच्या प्रश्नाला समोर बसलेल्या अधिकाऱ्याजवळ टिपणवहीखेरीज देण्यासारखे काही नव्हते. याच कोल्डवॉटरच्या राखीव भूमीतून पहिली वाहिनी गेली होती, आणि तिच्या जुन्या करारपत्राबाबत सरकारने विश्वस्ताचे कर्तव्य पाळले नाही असा ठपका न्यायालयाने २०१७ सालीच ठेवला होता. मसलत म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणे, आणि ऐकणाऱ्याचे मन बदलू शकेल अशा अवस्थेत बोलणे, एवढीच अपेक्षा न्यायालयाने केली. ती पुरी झाली नव्हती.

सरकारने या निवाड्यावर अपील केले नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती फ्रँक याकोबुची यांच्या देखरेखीखाली मसलतीची दुसरी फेरी झाली, ती पहिलीहून निःसंशय बरी होती, आणि काही राष्ट्रांच्या मागण्यांसाठी नवे उपायही योजले गेले. १८ जून २०१९ रोजी, म्हणजे संसदेने हवामानाची आणीबाणी जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, प्रकल्पाला पुन्हा मंजुरी मिळाली. ४ फेब्रुवारी २०२० रोजी अपील न्यायालयाने या वेळची मसलत पुरेशी ठरविली, मूळ रहिवाशांना नकाराधिकार नाही असे स्पष्ट केले, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपिलास परवानगी नाकारली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले.

माझ्या दृष्टीने ते तेथे मिटत नाही. कारण पहिल्या आणि दुसऱ्या मंजुरीच्या दरम्यान सरकारची भूमिका मुळातच बदलली होती. २०१६ साली सरकार निर्णय देणारे होते, अर्जदार एक परकी भांडवलाची कंपनी होती. २०१९ साली अर्जदाराच्या जागी सरकारच्याच मालकीचे महामंडळ होते, त्यात सरकारी खजिन्यातील रक्कम गुंतलेली होती, आणि काहीही झाले तरी ही वाहिनी बांधली जाईल असे पंतप्रधानांनी व अर्थमंत्र्यांनी जाहीर आश्वासन देऊन ठेवले होते. याकोबुचींसारखा नेक आणि अनुभवी न्यायाधीश देखरेखीला असला तरी, ज्याच्याशी बोलावयाचे तोच वादी, तोच मालक आणि तोच मुन्सफ असेल, तर समोर बसलेल्या माणसाच्या युक्तिवादाने निर्णय फिरण्याची शक्यता किती उरते? अधिकाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. साडेचार अब्ज डॉलर बुडीत खाती जमा करून ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य कोणत्याही मंत्रिमंडळाकडून मागणे हेच अवास्तव होते, आणि हे ठाऊक असूनही खरेदी आधी आणि निर्णय नंतर असा क्रम सरकारने स्वतः पत्करला, हा माझा आक्षेप आहे.

तो पैसा पुढे किती फुगला हे सांगितलेच पाहिजे, कारण तो कॅनडाच्या करदात्यांचा आहे. २०१३ साली विस्ताराचा अंदाज ५.४ अब्ज डॉलरांचा होता. २०२० साली तो १२.६ अब्ज झाला, २०२२ साली २१.४, २०२३ साली ३०.९, आणि अखेरचा आकडा सुमारे ३४ अब्जांवर गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी यापुढे सार्वजनिक पैसा देणार नाही असे सांगितले. नंतर बँकांच्या कर्जांना सरकारच जामीन राहिले. या व्यवहारात सरकारला तोटाच होईल असा निष्कर्ष संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने एकाहून अधिक अहवालांत काढला.

मालकाची घाई मसलतीला कशी खाऊन टाकते याचे उदाहरण २०२३ सालचे आहे. कॅमलूप्सजवळ पिप्सेल नावाचे सरोवर व त्याभोवतालची भूमी सेक्वेपेम्क लोकांच्या दृष्टीने पवित्र आहे. तेथे जमीन न फोडता खालून बोगद्याने वाहिनी नेण्याचे ठरले होते. काम कठीण जाऊ लागल्यावर सरकारी महामंडळाने सुमारे १.३ किलोमीटरच्या टप्प्यात उघडा चर खणण्याची परवानगी मागितली. तेथील राष्ट्राने तक्रार केली की, बोगद्याच्या वचनावर विसंबूनच आपण हरकत सोडली होती. महामंडळाने विलंबाचे व खर्चाचे कारण पुढे केले. नियामक मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या बाजूने कौल दिला. वचनाच्या मोबदल्यात मिळविलेली संमती वचन मोडल्यावरही कायम धरली गेली.

मूळ रहिवाशांची सर्व राष्ट्रे या प्रकल्पाविरुद्ध होती असे चित्र आपल्याकडे कधीकधी रंगविले जाते, ते असत्य आहे आणि त्या लोकांवर अन्याय करणारे आहे. वाहिनीच्या मार्गावरील चाळीसहून अधिक समूहांनी कंपनीशी लाभाचे करार केले. काहींनी तर वाहिनीत भागीदारी मिळावी म्हणून संघ स्थापून बोलणी चालविली. दारिद्र्य आणि घरांची टंचाई ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली त्यांनी रोजगार व उत्पन्न मागितले तर त्यांना दोष कोण देईल? परंतु एका राष्ट्राची सही दुसऱ्या राष्ट्राच्या नकाराची भरपाई करू शकत नाही. डोंगरापलीकडच्या समाजाने होकार दिला म्हणून खाडीकाठच्या समाजाचे पाणी धोक्यात घालण्याची सनद कोणाला मिळते, असे मला समजत नाही. शिवाय, प्रकल्प होणारच हे कळल्यावर केलेल्या करारातील होकार किती मोकळ्या मनाचा होता, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

नकाराला स्थान दिल्याने राज्य कोसळत नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइटसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या, डोंगरिया कोंध व त्यांचे शेजारी न्यायाधीशासमक्ष बोलले, बाराही सभांनी खाणीला नकार दिला आणि ती खाण झाली नाही. आपल्याकडे असे निर्णय विरळा आहेत, आणि गडचिरोलीपासून किनाऱ्यापर्यंत त्याच्या उलट वागण्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून हा दाखला अभिमानाने सांगण्याचा हक्क आपल्याला अर्धाच आहे. तरी दाखला खरा आहे.

कॅनडापुढे आता हाच प्रश्न पुन्हा आला आहे, आणि या खेपेस जहाजे अधिक उत्तरेच्या समुद्रात जाऊ शकतील. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅल्गरी येथे पंतप्रधान मार्क कार्नी आणि आल्बर्टाच्या मुख्यमंत्री डॅनियल स्मिथ यांनी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत दिवसाला दहा लाख पिंपे नेणाऱ्या नव्या वाहिनीसंबंधी समझोत्यावर सह्या केल्या. उत्तर किनाऱ्यावर मोठ्या तेलजहाजांना मज्जाव करणाऱ्या २०१९ च्या कायद्यात जरूर तर फेरफार करण्याची तरतूद त्यात आहे, आणि मूळ रहिवाशांच्या सहमालकीचा उल्लेखही आहे. मंत्रिमंडळातील स्टीव्हन गिल्बो यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. किनाऱ्यावरील राष्ट्रांच्या संघाने, हेलत्सुक राष्ट्राच्या प्रमुख मॅरिलिन स्लेट यांच्या मुखाने, आपला विरोध लपवून ठेवलेला नाही. हेलत्सुक लोकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये बेला बेलाजवळ ‘नेथन ई. स्टुअर्ट’ ही एक ओढनौका खडकावर आपटून एक लाखाहून अधिक लिटर डिझेल आपल्या शिंपल्यांच्या जागी पसरलेले पाहिले आहे. तेलजहाजाचे भय त्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. त्या समझोत्यावर दोन सरकारांच्या सह्या आहेत. ज्यांच्या समुद्रात जहाजे जातील त्यांची एकही सही नाही.

कॅल्गरी, एडमंटन, व्हँकुव्हर अशा शहरांत जी मराठी कुटुंबे आज राहतात, त्यांच्यातील मतदारांनी आपल्या खासदाराला निर्णय आधी आणि मसलत मागाहून हा क्रम उलटा करण्यास सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. आणि कार्नी सरकारने नवा मार्ग नकाशावर आखण्यापूर्वी, एकही डॉलर त्यात गुंतविण्यापूर्वी, हैडा, हेलत्सुक व त्यांच्या शेजारच्या राष्ट्रांच्या सभागृहांत निर्णयाचे पूर्ण अधिकार असलेले मंत्री पाठवावेत. तेथे नकार मिळाला, तर तो नकार म्हणूनच सरकारदरबारी रुजू करून हा प्रकल्प तेथेच थांबवावा.